घरातल्या घरात कळसूबाई

मध्यमवर्गीय माणूस डोंगर चढायचं ठरवतो तेव्हा तो आधी बाजारात जातो. डोंगराचं काय, तो कुठे पळून जात नाही. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. इतकी वर्षं जागचा न हललेला डोंगर, आपण बूट, पाठपिशवी आणि टोपी घेऊन येईपर्यंत आणखी तीन महिने सहज थांबू शकतो. इथवर माझीही तयारी होती. पण डोंगर चढण्यासाठी आधी घरात एखादं यंत्र आणावं लागतं, हे ज्ञान मला आमच्या बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत झालं. आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत सगळ्या प्रकारचं ज्ञान होतं. बँकिंगचं सोडून.

त्याचं असं झालं. आमची कन्या कॉलेजच्या मुलामुलींबरोबर दोन-चार किल्ले चढून आलेली आहे. येत्या जूनमध्ये ती पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला जाणार. "जायच्या आधी आपण तिघं कळसूबाईला जाऊ या," असं तिनं दिवाळीच्या फराळावर जाहीर केलं. मग माझ्याकडे पाहून, अतिशय मायेनं म्हणाली, "बाबा, तुला नाही जमलं तर तू खाली बारी गावात थांब. तिथे चहा मिळतो."

'तुला जमणार नाही' असं कुणी म्हटलं तर माणूस भांडू शकतो. पण आपल्या न जमण्याचा गाजावाजा न करता कुणी चहाची सोय करून ठेवली, की बोलणंच खुंटतं. मी चकली तोंडात घातली आणि तिथल्या तिथे शिखर गाठायचं ठरवलं.

आणखी एक बाब होती, ती मी घरात बोललो नाही. आमचे वडील पोस्टात होते. दर दिवाळीत ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी कळसूबाई." रजा मिळाली तर पैसे नसत आणि पैसे असले तर घरात बाळंतपण असे. नाशिकला मामाकडे जाताना गाडीनं इगतपुरी सोडली की ते खिडकीतून बोट बाहेर काढून म्हणत, "ती बघ, ती कळसूबाई." त्या बोटाच्या टोकाला नेमका कुठला डोंगर होता हे मला अजून ठाऊक नाही. बहुधा त्यांनाही नसावं. सांगायचं काय, तर आमच्या घराण्याला कळसूबाई आजवर फक्त खिडकीतून लाभलेली आहे. आणि आता 'पुढच्या वर्षी' म्हणायला पुढचं वर्ष उरलं नव्हतं.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार मुक्रर झाला. हातात बारा आठवडे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुठलंही संकट समोर आलं की मी आधी त्याचा हिशेब मांडतो. त्यानं संकट कमी होत नाही, पण नीट दिसतं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वर देवीचं छोटंसं देऊळ आहे आणि वाटेतल्या अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. ही उंची काही हवा विरळ होण्याइतकी नाही. त्यामुळे धाप लागली तर दोष हवेवर ढकलता येत नाही. बारी गाव मुळातच उंचावर आहे, म्हणून प्रत्यक्ष चढ साडेआठशे मीटर धरू. आमच्या इमारतीच्या तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ९० पायऱ्या आहेत, पायरी साडेसहा इंचाची. म्हणजे एका खेपेत १५ मीटर. साडेआठशे भागिले पंधरा, बरोबर सुमारे सत्तावन्न. आमची डोंबिवलीची इमारत सत्तावन्न वेळा चढलो की कळसूबाई! हा आकडा मी हिला सांगितला. ती म्हणाली, "त्यातल्या एका खेपेला गच्चीवरचे कपडे आणा."

तुम्ही म्हणाल, डोंबिवलीकराला वेगळा व्यायाम कशाला? रोज सकाळी स्टेशनचा पूल चढायचा, गाडी पकडायला धावायचं, तासभर एका पायावर उभं राहायचं. मीही असंच म्हणत आलो होतो. पण पुलाच्या पायऱ्या पन्नास-साठ. तिथे लागणारी धाप गाडीत शिरेपर्यंत विरते. डोंगरावर तीन तास गाडीच येत नाही.

तर जेवणाच्या सुट्टीत मी विषय काढला आणि सर्व विभागांतून सल्ल्यांच्या ठेवी येऊ लागल्या. हेडकॅशियर म्हणाले, ट्रेडमिल. कर्जविभागाने सायकल सुचवली. लॉकरवाल्या बाई म्हणाल्या, क्रॉस ट्रेनर. आमचे शिपाई जुन्नरकडचे. ते डबा बंद करत म्हणाले, "साहेब, डोंगर चढायचा तर डोंगर चढावा." पण हा सल्ला फुकट असल्यामुळे कुणी मनावर घेतला नाही.

मग आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदार पोरगेला होता आणि त्याचे दंड पाहून हिने माझ्याकडे पाहिलं. त्यानं पहिल्यांदा ट्रेडमिल दाखवली. आता या ट्रेडमिलचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती काढली, ती तुरुंगातल्या कैद्यांसाठी. रिकामे बसतात म्हणून. लाकडी पायऱ्यांचं मोठं चक्र असे, कैद्याने एका पायरीवरून वरच्या पायरीवर पाऊल टाकत राहायचं आणि चक्र खाली फिरत राहायचं. कवी-नाटककार ऑस्कर वाइल्डलाही १८९५ मध्ये तुरुंगात या चक्रावर चढवलं होतं. पुढे १८९८ मध्ये इंग्लंडात कायदा होऊन ही शिक्षा बंद झाली. कायद्याने बंद झालेली शिक्षा माणूस हप्त्याने विकत घेतो, ही प्रगती. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या कैद्यांना निदान पायऱ्या तरी होत्या! डोंगराच्या तयारीसाठी क्युबिटचं मूळ यंत्र उत्तम होतं. आजचा पट्टा सपाट.

मी दुकानदाराला विचारलं, "याला चढ किती?"

"तीन लेव्हल आहेत सर. मॅन्युअल."

म्हणजे खाली उतरून, पाठीमागे वाकून, हाताने खटका बदलायचा. माझा हिशेब असा होता : दहा टक्के चढ लावून ताशी पाच किलोमीटरने चाललं, तर तासाला पाचशे मीटर चढून होतात. पावणेदोन तासांत कळसूबाई. पाच टक्के चढ असेल तर साडेतीन तास. आणि सपाट असेल तर? शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सपाट पट्ट्यावर माणूस जन्मभर चालला तरी तो बारी गावातच. चहापाशी! आपोआप पंधरा टक्क्यांपर्यंत वर होणारी यंत्रंही तिथे होती, पण त्यांच्या किमतीचा चढ माझ्या पगाराला झेपणारा नव्हता.

मोटारीचंही एक गौडबंगाल आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'चार हॉर्सपॉवर' लिहिलेलं असतं. ते 'पीक', म्हणजे क्षणभराचं. सतत चालण्याची ताकद विचारली की घोडे निम्म्यावर येतात. मला यात काही नवल वाटलं नाही. व्याजाचा फ्लॅट दर आणि घटत्या शिलकीवरचा दर यांतला फरक आयुष्यभर लोकांना समजावत आलोय. त्यातून या यंत्राच्या मागे सहा फूट जागा मोकळी ठेवायची, म्हणजे पट्ट्यावरून फेकला गेलेला गृहस्थ भिंतीवर आपटत नाही. आमच्या हॉलमध्ये मागे सहा फूट म्हणजे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. मी चौरस फुटाचा भाव लावून पाहिला, तेव्हा यंत्रापेक्षा त्याच्याखालची जमीन महाग निघाली.

बाकीची यंत्रं मी भराभर तपासली. क्रॉस ट्रेनर गुडघ्यांना सौम्य. त्यात पाऊल फळीवरून उचलावंच लागत नाही. नेमकं तेच मला खटकलं, कारण डोंगरावर पाऊल उचलण्यालाच चढणं म्हणतात. रोइंग मशीन, म्हणजे घरबसल्या वल्हवण्याचं यंत्र, आठ फूट लांब. त्यात झोपायची सोय असती तर घेतलं असतं. उरला स्टेपर : दोन पायटे आणि त्यांना तेलाचे दोन नळकांडी दांडे. किंमत कमी, कपाटाखाली सरकतो. कन्या त्यावर उभी राहिली. एक पाय खाली गेला की दुसरा वर येतो, दहा मिनिटांत तेल तापलं की दोन्ही पाय लोण्यात रुतल्यासारखे सहज खाली जातात, आणि माणूस मात्र होता तिथेच. मला आमच्या प्रमोशनच्या परीक्षा आठवल्या.

मधल्या काळात हिने मला डॉक्टरांकडे नेलं. चाळिशी उलटलेल्या माणसाने एकदम डोंगरावर जाऊ नये, हे तिचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य होतं. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली. आणि पाहतो तो काय, तिथेही ट्रेडमिल! ब्रूस नावाच्या अमेरिकन हृदयतज्ज्ञाने बसवलेली ही पद्धत. १९६३ पासून जगभर तीच चालते. सुरुवातीलाच दहा टक्के चढ, वेग ताशी पावणेतीन किलोमीटर, आणि दर तीन मिनिटांनी चढही वाढतो, वेगही वाढतो. छातीवर तारा चिकटवलेल्या. आठ मिनिटांनंतर मला कळसूबाईची देवी दिसू लागली होती, पण अहवाल ठीक आला. डॉक्टर म्हणाले, "कमाल ठोके २२० वजा वय, असा एक ढोबळ हिशेब आहे. तुमचे १७३. त्याच्या मागे लागू नका. चालताना नीट वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चढा."

"मग यांना काहीच अडचण नाही," ही म्हणाली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मात्र मला कुठल्याही दुकानात ऐकायला मिळाली नव्हती. लोक चढण्याची तयारी करतात, दुखणं उतरण्यात असतं. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ताणले जात असताना जोर लावतात. त्यामुळे त्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस खुर्चीत बसताना ओरडतो. माझ्या भाषेत सांगायचं तर चढणं म्हणजे कर्ज काढणं, उतरणं म्हणजे ते फेडणं. उत्साह पहिल्यात असतो, वसुली दुसऱ्यात. आणि उतरण्याचा सराव देणारं यंत्र त्या दुकानात एकही नव्हतं. ट्रेडमिल उतरत नाही, सायकल उतरत नाही, स्टेपर तर चढतही नाही. उतरायला जिना लागतो. सुरुवातीला थोडंच उतरायचं. एकदा मांड्या दुखून बऱ्या झाल्या की पुढच्या खेपेला त्या कमी कुरकुरतात. आमच्याकडच्या कर्जदारांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे, पण शरीर प्रामाणिक असतं.

तेव्हा जिना. पाठपिशवीत पाच किलो तांदूळ घातले आणि रात्री साडेनवाला, बँकेतून येऊन जेवण्याआधी, मी निघालो. पहिल्या खेपेला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. "काय हो, काही विसरलात का?" दुसऱ्या खेपेला, "सापडलं का?" चौथ्या खेपेला त्यांनी काकांनाही उठवून आणलं. काका हळू आवाजात म्हणाले, "घरात सगळं ठीक आहे ना? नाहीतर आमच्याकडे बसा थोडा वेळ." पाठपिशवी पाहून त्यांचा समज पक्का झाला असणार. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा मी वर आलो की भुंके आणि खाली गेलो की रडे. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. जिन्यातले दिवे माणूस आला की आपोआप लागणारे आहेत. विजेची बचत व्हावी म्हणून सोसायटीने ते गेल्या वर्षीच बसवले. माझ्यामुळे पाचही मजल्यांचे दिवे तासभर दिवाळीसारखे लागत होते. सेक्रेटरी सज्जन गृहस्थ. त्यांनी तडजोड सुचवली : रविवारी सकाळी सहा ते आठ, उजेडात. कुत्र्यालाही तेव्हाच फिरायला नेतात.

म्हणजे आठवड्यातून एक दिवस जिना मिळाला. उरलेल्या रात्रींसाठी यंत्र हवंच होतं, आणि ते खालच्या बिऱ्हाडाची झोप न मोडणारं हवं होतं. ट्रेडमिलवर माणूस धपधप पाय आपटतो. दोरीवरच्या उड्यांचं तर नावच नको. राहता राहिली सायकल. सायकलचा दोष मला मान्य आहे. तिच्यावर आपलं वजन सीट वाहते. डोंगरावर सीट नसते. पण छातीचा भाता चालतो, मांड्यांना काम मिळतं, गुडघे कुरकुरत नाहीत आणि चुंबकाने चालणाऱ्या सायकलचा आवाज पंख्यापेक्षा कमी. अंगावरचं वजन उचलायला रविवारचा जिना होताच.

नवी कशाला, जुनी बघू, असं हिने म्हटलं आणि आमची भ्रमंती सुरू झाली. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. मोबाइलवरच्या जाहिरातींत शेकडो यंत्रं होती आणि त्यांतलं प्रत्येक 'फक्त दोन महिने वापरलेलं'. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीतांच्या यादीत जातं. व्यायामाच्या यंत्रांना इतकी मुदत लागत नाही. एका घरी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर आजी मेथी निवडत बसल्या होत्या, आम्ही यंत्र बघायला आलोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी कुठे बसू?" दुसऱ्या घरी स्टेपरचा ठावठिकाणा लागेना, शेवटी तो कपाटाच्या मोडक्या पायाखाली सापडला. तिसऱ्या घरचे गृहस्थ क्रॉस ट्रेनर द्यायला इतके उतावीळ, की टेम्पोचं भाडंही देतो म्हणाले. वर त्यांच्या बायकोने आम्हाला पोहे खिलवले.

कल्याणच्या घरी मात्र सायकल खिडकीपाशी होती. दार उघडणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. सीटचं रेक्झिन मधोमध झिजून पांढरं पडलेलं, हँडलच्या मुठी गुळगुळीत, उजव्या पायट्याला नवा पट्टा बांधलेला. मी पासबुकावरून माणूस ओळखतो. हे वर्षानुवर्षं नियमित उलाढालीचं खातं होतं.

"ह्यांचं बायपास झालं, त्यानंतर घेतली," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं रोज सकाळी अर्धा तास. पेपर हँडलवर लावून वाचायचे. गेल्या वर्षी गेले." मग थोडं थांबून, घाईघाईनं म्हणाल्या, "सायकलमुळे नाही हं. झोपेत गेले."

कोणी काही बोललं नाही. मग हिने सीटची कळ फिरवून पाहिली. "ही खाली होते का हो? माझ्या उंचीला?" मी बघतच राहिलो. कळसूबाईला तिघं जाणार आहोत हे मला माहीत होतं. तयारीही तिघांची असायला हवी हे दुकान, डॉक्टर, हेडकॅशियर, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाईंनी सीट खाली करून दाखवली. किंमत चार हजार. मी घासाघीस केली नाही. बाईंनी पैसे मोजले नाहीत, फक्त विचारलं, "वापरणार ना?" कन्या म्हणाली, "मी बघते काकू, रोज."

टेम्पोवाल्याने सायकल आमच्या दाराशी, म्हणजे इमारतीच्या दाराशी, उतरवली आणि तो गेला. तिसरा मजला, ५४ पायऱ्या, लिफ्ट नाही. वजन तीसेक किलो. हँडलची बाजू मी धरली, चाकाची जड बाजू कन्येने हट्टाने घेतली. ही पुढे दार उघडायला. पहिल्या मजल्याच्या वळणावर कन्या म्हणाली, "बाबा, थांब ना जरा. दम लागलाय."

मी थांबलो. मलाही लागला होता, पण मी वाक्य पूर्ण बोलू शकत होतो, एवढं मी तिच्या लक्षात आणून दिलं. तेवढ्यात काकूंचं दार उघडलं. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काकांना आत हाक मारून म्हणाल्या, "अहो, आता सायकल घेऊन चढतायत. हिच्याही सत्तावन्न खेपा का, विचारा."